एप्रिलचं बिल ३४० युनिट: नवा एसी घेऊ की स्लॅब पांढरा करू?

स्लॅबखालचा
सांगली, विश्रामबाग. वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब. झोपायची खोली १० बाय १२, एक भिंत पूर्ण पश्चिमेला. जानेवारीत ११० युनिट, एप्रिलमध्ये ३४०. तीन साधे पंखे दिवसाला सरासरी १६ तास, दीड टनाचा नऊ वर्षं जुना बिनइन्व्हर्टर (कॉम्प्रेसर एकाच वेगानं चालणारा) एसी रात्री चार तास. कूलर नाही. दुकानदार म्हणतो पाच स्टार इन्व्हर्टर घ्या, बिल निम्म्यावर येतं. बजेट चाळीस हजार. यात बिल खरंच निम्मं होतं का, की पैसे दुसरीकडे घालावेत? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

पुलावरचा_वारा
रात्री नऊ ते अकरा कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर उभं राहा. शून्य युनिट.

हिशेबी
आधी ते २३० जादा युनिट कुठं जातात ते बघू.

साधा पंखा ७५ वॉट. ३ × ७५ × १६ तास × ३० दिवस = १०८ युनिट. जुना दीड टनी एसी चालू असताना दीड-पावणेदोन किलोवॉट ओढतो, पण कॉम्प्रेसर अधूनमधून बंद पडतो, म्हणून ताशी सरासरी एक युनिट धरा. चार तास, तीस दिवस, १२० युनिट. बेरीज २२८. तुमचा फरक जवळजवळ जुळला.

म्हणजे ज्याला सगळे शिव्या घालतात त्या एसीच्या बरोबरीनं पंखे खातायत. नवा एसी आणला तर १२० तले ४०-५० वाचतील. बिल निम्मं होणार नाही.

खरा_सातारी
पण ३०० च्या वर गेलं की सगळ्याच युनिटला वरचा दर लागतोय ना? मग ४०-५० वाचले तरी लई फरक पडेल की.

वायरमनकाका_मिरज
नाही हो, हा गैरसमज गावोगाव आहे. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. ३४० युनिट असतील तर पहिले १०० पहिल्या दरानं, पुढचे २०० दुसऱ्या आणि फक्त शेवटचे ४० तिसऱ्या दरानं. ३०१ वं युनिट पडलं म्हणून मागचे ३०० महाग होत नाहीत.

पण वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या टोकाचं असतं, त्यामुळे हिशेब सरासरी दरानं करायचा नाही. बिलावर वीज आकाराचा तुमच्या शेवटच्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार मिळवा, इंधन समायोजन आकार असेल तर तोही, आणि त्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. एवढे तुमचे एका युनिटमागे वाचतात. स्थिर आकार यात धरू नका, तो काहीही केलं तरी भरायचाच आहे.

पुलावरचा_वारा
थोडक्यात, वरचा स्लॅब तापला की बिलाचा स्लॅब बदलतो.

वायरमनकाका_मिरज
आज पहिल्यांदा कामाचं बोललात.

पंख्यांचं सांगतो. बीएलडीसी (बिनब्रशच्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा पूर्ण वेगावर २८ ते ३५ वॉट घेतो. तीन पंखे बदलले तर १०८ चे ४३ होतात, महिन्याला ६५ युनिट वाचले. ३४० चे २७५, शेवटचा टप्पा गेलाच. जोडताना मात्र या चुका होतात:

भिंतीवरचा रेग्युलेटर तसाच ठेवतात. तो काढा आणि पंखा थेट बटणावर घ्या. 'पाचवर ठेवलाय, चालतंय की' म्हणतात, मग घरातलं पोर तो फिरवतं आणि पंख्यातली पीसीबी (इलेक्ट्रॉनिक पट्टी) उडते. वेग रिमोटनंच बदलायचा.

दुसरं म्हणजे दांडी. पाती छतापासून निदान फूटभर खाली हवीत, नाहीतर वरून हवाच ओढली जात नाही. जमिनीपासून साडेसात-आठ फूट ठेवा.

तिसरं, वळवाच्या विजा. बीएलडीसीला साध्या पंख्यासारखं नुसतं वाइंडिंग नसतं, इलेक्ट्रॉनिक्स असतं. मीटरजवळच्या बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवा. तो नसेल तर गडगडाट सुरू झाला की एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पाडा. पीसीबीची वॉरंटी मोटरपेक्षा कमी आहे का, हे घेतानाच पावतीवर वाचा.

व्होल्टेज पडलं तरी याचा वेग फारसा उतरत नाही, हा संध्याकाळचा मोठा फायदा. बॅटरीवरही जवळपास दुप्पट वेळ चालतो.

खरा_सातारी
वरच्या मजल्यावर पंखा छताची गरम हवाच खाली फेकतो, मग उपयोग काय?

हिशेबी
पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम सुकवतो. म्हणून माणूस खोलीत नसताना पंखा चालू ठेवणं म्हणजे मोटरची उष्णता खोलीत ओतणं. पण छताच्या गरम हवेचा मुद्दा बरोबर आहे, आणि तिथंच खरा रोग आहे.

भर दुपारी सपाट गच्चीवर दर चौरस मीटरला साधारण एक किलोवॉट ऊन पडतं. १० बाय १२ म्हणजे ११ चौरस मीटर, म्हणजे ११ किलोवॉट. काळपट, शेवाळलेला कोबा यातलं दोन तृतीयांशाहून जास्त शोषतो. बरंचसं वाऱ्यानं जातं, पण ढोबळमानानं किलोवॉटभर उष्णता खोलीत झिरपते आणि ती तीन-चार तास उशिरा पोचते. म्हणून दुपारी दोनपेक्षा संध्याकाळी सहा-सातला खोली जास्त भाजते आणि रात्री अकरापर्यंत छत शेगडीसारखं राहतं. तुमचा एसी रात्री जे उपसतो ते दुपारचं ऊन आहे. ते दुपारीच अडवा.

बेदाणा_तासगाव
अडवायचं तर शेडनेट. बेदाण्याच्या शेडवर टाकतात तेच हिरवं कापड. ७५ टक्के सावलीचं घ्या, ५० टक्क्यांचं गच्चीला कमी पडतं.

नेट स्लॅबवर अंथरायचं नाही! ते तापतं, खाली ओल धरतं आणि उष्णता सरळ स्लॅबला देतं. निदान अडीच-तीन फूट उंच ताणा, चारी बाजूंनी वारा खेळला पाहिजे. कोपऱ्याला जीआय पाइप, कडेनं १२ गेजची तार. नेटची कड दुमडून तारेभोवती शिवा; नुसती भोकं पाडून बांधली तर पहिल्या वाऱ्यात फाटते. पाइप पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) क्लॅम्पनं धरा. स्लॅबला भोक पाडलं की जूनमध्ये गळती ठरलेली. टेकू म्हणून सिमेंट भरलेले डबे पुरतात.

कुरडई
सगळी गच्ची झाकली तर वाळवण कुठं घालायचं? एप्रिल-मे म्हणजे कुरडया, सांडगे, मिरच्या, वर्षाची हळद-तिखटाची सोय. बिलात दोनशे वाचवून पापड विकत आणायचे का?

बेदाणा_तासगाव
ताई, झोपायच्या खोलीवर आणि पश्चिमेच्या भिंतीवर चार फूट पुढं येईल एवढंच ताणायचं. उरलेली गच्ची तुमची.

माणदेशी
नेटपेक्षा चुना स्वस्त. आमच्याकडं माळवदाच्या घरात वर हातभर पांढरी माती असते, उन्हाळ्यात आत माठासारखं गार. आता सगळीकडं स्लॅब, मग निदान पांढरा तरी करा.

आधी गच्ची तारेच्या ब्रशनं घासा, शेवाळ आणि सुटलेला कोबा काढा, धुवा, पूर्ण वाळू द्या. भेगा आधी भरा, चुना भेग बुजवत नाही. कळीचा चुना आणला तर तो रात्रभर विरवायचा. पाण्यात चुना हळूहळू टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. उकळी फुटून डोळ्यात उडतो. प्लास्टिकची बादली नको, पत्र्याचं पिंप घ्या, डोळ्याला चष्मा आणि हातात मोजे. तो झंझट नको असेल तर तयार चुना पावडर. गाळून दुधासारखं पातळ करा, दहा किलो चुन्याला अर्धा किलो पांढरा डिंक घाला. पातळ दोन हात द्यायचे, दुसरा पहिल्याला आडवा. एकच जाड हात दिला की पापुद्रे सुटतात. काम सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. तापलेल्या स्लॅबवर चुना धरत नाही, हाताला पांढरी भुकटी येते.

पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो. दर फेब्रुवारीअखेर नवा हात.

कुरडई
आणि त्या चुन्यावर अनवाणी गेलं की पावलं पांढरी, घरभर ठसे. शिवाय दुपारी गच्चीवर डोळे दिपतात. खाणं वाळत घालायला चुन्याची गच्ची नकोच.

हिशेबी
हे खरं आहे. त्यावर उत्तर म्हणजे बाहेरच्या वापराचा पांढरा ॲक्रिलिक कूल रूफ रंग. महाग, पण भुकटी येत नाही आणि काही वर्षं टिकतो. कुठलाही असो, धूळ बसली की परावर्तन उतरतं, मार्चमध्ये एकदा झाडू-पाणी मारायचं. पक्कं काम करायचं असेल तर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझेक, पण त्याचं वजन आणि उतार इंजिनिअरला विचारून.

खालून पीओपी आणि थर्माकोल लावायला सांगणारेही भेटतील. त्यानं खोलीत कमी उष्णता उतरते हे मान्य, पण स्लॅब तापलेलाच राहतो, छत खाली येतं, गळती झाकली जाते आणि थर्माकोल आग पकडतो. करायचंच तर वरून.

पुलावरचा_वारा
सरळ हरिपूरच्या हळदीच्या पेवात (जमिनीखालच्या कोठारात) राहायला जा. बारा महिने एकच तापमान.

माणदेशी
पेवात उतरायच्या आधी कंदील सोडून बघतात, विझला तर आत जात नाहीत. बिल कायमचंच बंद व्हायचं!

खरा_सातारी
विषय भरकटतोय. एसी घेण्यापेक्षा कूलर का नको? साताऱ्यात कूलरवर आख्खा उन्हाळा निघतो.

टनभर
साताऱ्यात निघत असेल, सांगलीत मे महिन्यात चिकचिक होते. कृष्णाकाठ आहे.

हिशेबी
नदीचा संबंध थोडा, हवेतल्या ओलाव्याचा जास्त. कूलर हवेला 'ओल्या पाऱ्याच्या' (ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या) तापमानाखाली नेऊ शकत नाही. एप्रिलची दुपार, ३९ अंश आणि आर्द्रता २० टक्के: ओला पारा साधारण २२. चांगला हनीकोम (पोळ्यासारखा पुठ्ठ्याचा) पॅड यातलं ८० टक्के अंतर कापतो, म्हणजे तोंडाशी साडेपंचवीस अंशांची हवा. वळवाच्या पावसानंतर ३३ अंश आणि ६५ टक्के: ओला पारा साडेसत्तावीस, कूलर देणार साडेअठ्ठावीस आणि वर दमटपणा. म्हणून मार्च, एप्रिल आणि अर्धा मे कूलर. पहिला वळीव पडला की पंप बंद, नुसता पंखा. दोघांचंही बरोबर आहे, महिना वेगळा.

ताकद कुठून येते तेही बघा. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता ओढून नेतं. कूलर तासाला पाच लिटर पाणी पीत असेल तर जवळपास एक टनाच्या एसीचं काम झालं, खर्च पंखा-पंप मिळून १५०-२०० वॉट. रात्री आठ तासांना दीड युनिट, पाणी मात्र चाळीस लिटर.

कुरडई
टाकीत बर्फ टाकला तर?

हिशेबी
काही नाही. एक किलो बर्फ वितळताना ०.०९ युनिट उष्णता घेतो, तेवढंच पाणी वाफ होताना त्याच्या सातपट. शिवाय तो बर्फ फ्रीजनं वीज खाऊनच बनवलेला. पाणी उलट थोडं कोमट असलं तरी फारसं बिघडत नाही.

वायरमनकाका_मिरज
कूलर घेणाऱ्यांनो, सगळ्यात आधी अर्थिंग. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, दोन पिनचा प्लग, असं दिसलं की हात लावू नका. तीन पिनचा प्लग, घराचं अर्थिंग तपासलेलं आणि बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारं). एमसीबी शॉकपासून वाचवत नाही, ती वायर वाचवते. पाणी भरताना प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही.

बाकी नेहमीच्या चुका. कूलर बंद खोलीत मधोमध ठेवतात, मग तीच ओली हवा फिरत राहते. त्याची पाठ खिडकीबाहेर हवी आणि समोरच्या बाजूला निदान कूलरच्या तोंडाएवढी खिडकी उघडी. तुमच्या खोलीला तासाला हजार-बाराशे घनमीटर हवा पुरते. पंप कोरडा फिरला की जळतो, फ्लोट बसवा. सुरू करताना आधी दहा मिनिटं पंप, पॅड भिजला की मग पंखा.

बेदाणा_तासगाव
बोअरचं पाणी असेल तर पॅडवर पांढरे क्षार चढतात, हवा अडते आणि दीड महिन्यात कूलर नुसता आवाज करतो. टाकीचं पाणी वाफ होत जाईल तसं खारट होत जातं, त्यात नुसती भर घालत बसू नका. दोन-तीन दिवसांनी पूर्ण उपसा. चढलेलंच असेल तर दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्व, पॅड तासभर बुडवा, साध्या पाण्यानं धुवा. ब्रश मारू नका, पुठ्ठा फाटतो.

आणि आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण कोरडी, कडा फडक्यानं पुसून. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेलाच चिकटतात.

टनभर
आता एसीचं माझ्याकडून. जुना एसी लगेच भंगारात नको, आधी तपासा.

आतली जाळी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. बाहेरच्या युनिटच्या पत्र्यांत धूळ आणि कबुतरांची पिसं भरतात. एमसीबी पाडून साध्या पाइपनं धुवा. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप नको, पत्र्या वाकतात. युनिट पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर वरून पत्र्याची सावली द्या, पण पुढून गरम हवा सुटते तिथं काही आडवं नको. कोंडाळं बांधलं की तो आपलीच गरम हवा परत ओढतो.

मग थर्मामीटर घ्या. एसी पंधरा मिनिटं चालल्यावर आत ओढली जाणारी आणि बाहेर येणारी हवा यात ८ ते १२ अंशांचा फरक हवा. कमी असेल आणि जाळी स्वच्छ असेल तर बहुधा गॅस गळतोय. 'दरवर्षी गॅस भरावा लागतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे, बहुतेक वेळा फ्लेअर नटपाशी (तांब्याच्या पाइपच्या जोडापाशी). आधी नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्यानं गळती शोधायची, बुजवायची, व्हॅक्यूम पंपानं पाइपमधली हवा ओढून घ्यायची आणि मग प्लेटवर लिहिलेल्या वजनानं काट्यावर मोजून गॅस. जुन्या आर-२२ च्या मशिनमध्ये आर-३२ भरतो म्हणणारा भेटला तर अजिबात भरू देऊ नका. दाब वेगळा, आणि तो पेटू शकतो.

सेटिंग: २७ आणि सोबत पंखा सावकाश. अंगावर वारा असला की २७ हे २४-२५ सारखंच वाटतं. एका अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते, हे ऊर्जा दक्षता ब्युरोचं सांगणं. १८ वर ठेवल्यानं खोली लवकर गार होत नाही. बिनइन्व्हर्टर मशीन १८ ला आणि २७ ला एकाच ताकदीनं चालतं, फक्त २७ ला लवकर थांबतं.

खरा_सातारी
आणि पाच स्टार की तीन?

टनभर
लेबलवरचे युनिट वर्षाला १,६०० तासांचे असतात, हे कुणी वाचत नाही. समजा पाच स्टारवर ७८० लिहिलंय आणि तीन स्टारवर १,०२०. फरक २४०. पण वापर ६०० तासांचा असेल तर खरा फरक ९० युनिट. सगळं धरून युनिटला १४ रुपये पडत असतील तर वर्षाला साडेबाराशे. किमतीत आठ हजारांचा फरक असेल तर तो निघायला सहा वर्षांच्या वर. तुमचे चार तास रोज, तीन महिने, म्हणजे ३६० तास. पाच स्टारचं गणित तुमच्यासाठी बसतच नाही. दुकानात दिवसभर एसी चालतो त्याला बसतं.

पुलावरचा_वारा
सोलर लावा की! पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार अनुदान आहे.

हिशेबी
आहे, आणि एक किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरायला हरकत नाही. पण यांचा वर्षातले आठ-नऊ महिने वापर ११०-१५० आहे. तेवढ्यासाठी ३ किलोवॉट म्हणजे लग्नाच्या पातेल्यात चहा. लावायचंच तर एक-दीड किलोवॉट आणि पॅनेल झोपायच्या खोलीवर, म्हणजे सावली फुकट. तो धागा वेगळा काढा.

स्लॅबखालचा
सगळ्यांचे आभार. मग असं ठरवतोय: तीन बीएलडीसी, झोपायच्या खोलीवर आणि पश्चिमेला शेडनेट, खाली तेवढ्याच भागाला चुना (वाळवण पूर्वेच्या बाजूला), खिडकीतला हनीकोम कूलर, आणि जुन्या एसीची तपासणी. चाळीस हजारांच्या बरंच आत बसतंय. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा आहे, तो चालेल ना?

हिशेबी
आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता खोलीत आलेली असते. बाहेरून बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा. नेट पुढं आणताय तर खिडकीवर तेच उतरवा. आणि रात्री दहानंतर बाहेर गार झालं की सगळ्या खिडक्या उघडा, सकाळी नऊच्या आत बंद. इथं रात्री पारा उतरतो, त्याचा फायदा घ्या.

स्लॅबखालचा
नेटखाली चुना दिला तर दुहेरी फायदा होतो का, की एकच पुरे?

हिशेबी
बेरीज होत नाही. नेटनं तीन चतुर्थांश ऊन अडवलं तर चुन्याला परतवायला उरतं थोडंच. नेट टाकताय तेवढ्या भागाला चुना सोडा, तो चुना पश्चिमेच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला द्या.

बेदाणा_तासगाव
एक राहिलंच. नेटच्या दोनच बाजू पक्क्या बांधा, उरलेल्या दोन सुतळीच्या सोडगाठीनं. वळीव काळा होताना दिसला की त्या दोन सोडून नेट गुंडाळायचं, दहा मिनिटांचं काम आहे. चारी बाजू तारेनं आवळल्या की नेट पाइपसकट शेजारच्या टाकीवर जातं.

कुरडई
आणि त्याच दहा मिनिटांत कुरडयाही उचलायच्या असतात. घरात दोन माणसं तयार ठेवा.